ओझरच्या शोकेसमधल्या मात्र्योश्का: कुठल्या आणि केव्हाच्या, हे शोधतानाच्या नोंदी

२१ जुलै २०२४

ओझरच्या कॉलनीत वाढलेल्यांना या बाहुल्या काय आहेत ते सांगायला नको. एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कंपनीचा, नाशिक विभाग इथे १९६४ मध्ये मिग-२१ ही रशियन लढाऊ विमानं बांधण्यासाठी सुरू झाला. रशियन तंत्रज्ञ इथे आले, इथले लोक प्रशिक्षणासाठी तिकडे गेले आणि घरोघरच्या शोकेसमध्ये मात्र्योश्का, म्हणजे एकात एक बसणाऱ्या लाकडी रशियन बाहुल्या, आल्या. पुढे मिग-२७ आलं, मग २००४ पासून सुखोई-३० बाहेर पडू लागलं. पाहुणे येत राहिले, भेटीही येत राहिल्या. त्यामुळे कुणी ‘मिगच्या वेळची आहे’ म्हटलं की त्यात चाळीस वर्षं मावतात.

आईच्या आणि शेजारच्या घरांतल्या बाहुल्या एकत्र करून प्रत्येक संचासोबत एक चिठ्ठी ठेवायची, असं ठरवलं आहे. चिठ्ठीवर तीनच गोष्टी: कुठे बनली, कोणत्या सालाआधीची असूच शकत नाही, कोणत्या सालानंतरची असूच शकत नाही. एकच साल छातीठोकपणे लिहायचं नाही. ज्या घरांत हे लिहून ठेवलेलं नाही तिथे नातवंडं बाहुल्या भंगारात देतात किंवा कुणीतरी शंभर रुपयांत उचलून नेतं, हे मी पाहिलं आहे. म्हणून हे काम नीट व्हायला हवं.

पहिली अडचण पहिल्याच दिवशी आली. एकही संच उघडत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगलं आहे आणि सांधे घट्ट धरले आहेत. शिक्के बहुतेक बाहेरच्या बाहुलीच्या तळाला असतात, ते दिसतात. पण आत काय आहे ते पाहिल्याशिवाय संच मूळचा की जुळवलेला, हे कळणार नाही.

२८ जुलै

या आठवड्यात उघडण्याचे प्रयत्न. रबरी हातमोजे घालून पिळून पाहिलं. सांधा हलला नाही, उलट व्हार्निशवर अंगठ्याखाली बारीक तडा दिसला, तिथेच थांबले. कुणीतरी हेअर ड्रायर सुचवला होता. तो वापरू नका. या बाहुल्या लिंडनच्या लाकडाच्या. मऊ लाकूड, भिंती पातळ. एका बाजूने गरम झालं तर ती बाजू आधी आकसते आणि चीर उभी जाते. रशियात कातण्याआधी हे लाकूड निदान दोन वर्षं सावलीत वाळवतात, ते उगीच नाही.

जे जमलं ते सावकाशीचं. घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे, तळाशी सिलिका जेल, वर जाळी, जाळीवर बाहुली. सिलिका जेल एक किलो, ३२० रुपये. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळे करायचे. आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ४५० रुपयांचं घेतलं. डब्यात पन्नास टक्क्यांच्या आसपास राहू दिलं, त्याखाली नेलं नाही.

११ ऑगस्ट

एक सोडून सगळे संच उघडले. पीळ न देता सांध्यावर दोन्ही बाजूंनी हलकं दाबायचं, मग बाहुली पाव फिरवून पुन्हा दाबायचं. दोन-चार वेळा केलं की ‘टक्’ असा आवाज येतो आणि वरचा भाग सुटतो.

उघडल्यावर आतल्या बाहुल्या परत आत घालू नका. पाऊस संपेपर्यंत वेगवेगळ्या ठेवा.

१५ ऑगस्ट

सुट्टीचा दिवस, सगळ्या बाहुल्या टेबलावर मांडल्या. कुठली कुठली हे ठरवणं सगळ्यात सोपं निघालं, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. आईची रशियातल्या सेम्योनोव गावची. कोरं पिवळसर लाकूड बरंच मोकळं सोडलेलं, पुढे मोठ्या गुलाबांचा गुच्छ, रंग लाल-पिवळे आणि पारदर्शक. हे ॲनिलिन, म्हणजे रासायनिक रंग. लाकडाला आधी बटाट्याच्या खळीचा हात देतात म्हणजे रंग रेषांत फुटत नाही, मग काळ्या रेघा, मग रंग, मग व्हार्निश. प्रकाशात तिरकं धरलं की रंगाखालून लाकडाच्या शिरा दिसतात.

समोरच्या काकूंची झागोर्स्क गावची. अंगाने रुंद, ठेंगणी. गुआशचा रंग, म्हणजे अपारदर्शक, लाकूड पूर्ण झाकणारा. डोक्याच्या रुमालाची गाठ, पोलकं, एप्रन सगळं वेगवेगळं रंगवलेलं.

एक पोल्खोव्स्की मैदान या गावची आहे आणि ती मला सगळ्यांत जास्त आवडली. डोकं लहान आणि चपटं, अंग लांबट, गडद गुलाबी-जांभळा रंग, पोटावर अनेक पाकळ्यांचं रानगुलाबाचं फूल. एप्रन नाही, रुमालाची गाठ नाही, फक्त एक लंबगोल आणि त्यात फूल. तीही निझनी नोव्हगोरोद भागातलीच आहे, सेम्योनोवसारखी, तरी हात पूर्ण वेगळा.

चौथी किरोवकडची वाटते. परकरावर राईच्या काड्यांचे चकचकीत तुकडे जडवलेले. ‘वाटते’ लिहिलं कारण गवताची अशी जडणी बेलारूसमध्येही होते. लेबल वाचेपर्यंत हे नक्की धरणार नाही.

१८ ऑगस्ट

आता काळ. नक्षीवरून काळ ठरवता येईल असा अंदाज होता, म्हणून तुलनेसाठी ऑनलाइन एक सेम्योनोव घेतली. विक्रेत्याने ‘१९५० च्या दशकातली, दुर्मीळ’ म्हणून २,२०० रुपये घेतले.

ती आली, तळ पाहिला. शिक्क्यात मानक क्रमांक आहे आणि शेवटी ‘–८५’. सोव्हिएत मानकांच्या क्रमांकात शेवटचे दोन आकडे ते मानक मंजूर झाल्याच्या सालाचे असतात. म्हणजे ही बाहुली १९८५ च्या आधीची असूच शकत नाही. पैसे मात्र वाया गेले नाहीत, कारण मला एक खात्रीचा नमुना मिळाला. तो आईच्या बाहुलीशेजारी ठेवला. गुलाब तेच, पिवळा रुमाल तोच, रुमालाच्या काठावरच्या कळ्याही त्याच. आईची बाहुली त्याहून कितीतरी जुनी आहे हे पुढे सिद्ध झालं, पण दोघींच्या चेहऱ्यांवरून ते कुणी सांगू शकलं नसतं.

तेव्हा नक्षी गाव सांगते, साल सांगत नाही. ‘डोळे जुन्या पद्धतीचे आहेत’ असं म्हणून वर्षं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

२५ ऑगस्ट

आज फक्त शिक्के. फोनमधल्या भाषांतर ॲपने जवळजवळ सगळे चुकीचे वाचले. गोल शिक्का, पुसट जांभळी शाई, अर्धी अक्षरं लाकडाच्या शिरांत पसरलेली. उपाय साधा निघाला. टेबलावर बाहुली आडवी, टॉर्च अगदी तळाला समांतर धरायचा, फोटो काढायचा, मग काळा-पांढरा करून कॉन्ट्रास्ट वाढवायचा. दहापट मोठं दाखवणारं भिंग (२८० रुपये) शेवटी लागलंच. लिपीचा तक्ता शेजारी ठेवून अक्षर अक्षर लावत गेले.

जे इंग्रजी डोळ्यांना ‘सीसीसीपी’ दिसतं ते रशियन ‘एस-एस-एस-आर’ आहे, म्हणजे सोव्हिएत संघ. हे असलं की १९९१ नंतरची नाही. इंग्रजीत ‘मेड इन यूएसएसआर’ असेल तर परदेशी विक्रीसाठीची, काळ तोच. पण हे फार ढोबळ झालं. खरं काम गावांच्या नावांनी केलं.

सेर्गियेव पोसाद १९१९ मध्ये नुसतं सेर्गियेव झालं, १९३० मध्ये झागोर्स्क झालं, आणि १९९१ मध्ये पुन्हा सेर्गियेव पोसाद. म्हणजे शिक्क्यात झागोर्स्क वाचलं की १९३० ते १९९१ अशी चौकट मिळते. निझनी नोव्हगोरोद १९३२ पासून १९९० पर्यंत गोर्की होतं. सेम्योनोव गावाचं नाव बदललं नाही, पण पत्त्यात प्रांत लिहिलेला असतो, तो ‘गोर्की प्रांत’ असेल तर १९९० च्या आतली. किरोवच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही. व्यात्काचं किरोव १९३४ मध्ये झालं आणि अजूनही किरोवच आहे.

दुसरी खूण किमतीची. सोव्हिएत मालावर किंमत छापलेली असायची. आईच्या सहा बाहुल्यांच्या संचावर तीन रूबल आणि काही कोपेक आहे. १९६१ च्या जानेवारीत रूबल बदलला, जुने दहा म्हणजे नवा एक. जुन्या रूबलमध्ये तीन रूबल म्हणजे नवे तीस कोपेक, आणि हाताने रंगवलेला सहाचा संच त्यात मिळणं शक्य नाही. म्हणून ही किंमत नव्या रूबलमधली, बाहुली १९६१ च्या आधीची नाही.

आणखी दोन शब्द शोधायचे. ‘आर्तेल’ म्हणजे कारागिरांची सहकारी संस्था. या संस्था १९६० पर्यंत सरकारी कारखान्यांत विलीन झाल्या, तेव्हा तो शब्द असेल तर बाहुली त्याआधीची. ‘सोव्हनारखोज’ म्हणजे प्रादेशिक आर्थिक परिषद, महायुद्धानंतर या परिषदा १९५७ ते १९६५ एवढ्याच काळात होत्या. हा शब्द सापडला तर इतकी अरुंद चौकट दुसऱ्या कशानेच मिळत नाही. आमच्यात एकावरही नाही. मी प्रत्येक तळ पुन्हा पाहिला.

१ सप्टेंबर

किरोववाल्या बाहुलीचं खोकं तिच्या घरच्यांनी जपून ठेवलं होतं. त्यावर किरोवचा पत्ता आहे, बेलारूसची शंका संपली. पाच कोनांचं गुणवत्ता चिन्हही आहे. ते १९६७ पासून दिलं जाऊ लागलं. मानक क्रमांक ‘–७६’ ने संपतो. तेव्हा १९७६ ते १९९१. पंधरा वर्षांची चौकट आहे आणि ती आणखी आवळायला काही सापडलं नाही. मानक एकदा मंजूर झालं की वर्षानुवर्षं तेच छापत राहतात, म्हणून ‘१९७६ ची’ असं लिहिणं खोटं ठरेल.

८ सप्टेंबर

‘आधीची नाही’ हे रशियन शिक्क्याने सांगितलं. ‘नंतरची नाही’ याचे पुरावे मात्र ओझरमध्ये सापडले, आणि या कामातला सगळ्यांत समाधानाचा भाग हाच.

काकूंच्या झागोर्स्क बाहुलीचा शिक्का वाचण्यापलीकडे पुसला आहे. पण उघडल्यावर आतल्या बाजूला बॉलपेनने तीन ओळी. शेवटी तारीख, ८ मार्च १९७४. महिला दिन तिकडे घरोघरी साजरा होतो आणि बायकांना भेटी देतात. काकूंना मी वाचून दाखवलं तेव्हा म्हणाल्या, “अगं, इतकी वर्षं रोज पुसत आले, आत काही लिहिलंय हे मला ठाऊकच नव्हतं.” कोणी दिली ते त्यांना लगेच आठवलं. ते नाव चिठ्ठीवर त्यांच्या हाताने लिहून घेतलं.

आईच्या बाहुलीसाठी अल्बम काढले. दादाच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोत केकच्या मागे शोकेस आहे, शोकेसच्या वरच्या कप्प्यात ती. भिंगाखाली गुलाबांचा गुच्छ ओळखता येतो आणि एप्रनवरचा टवका जिथे आज आहे तिथेच दिसतो. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का, १९७१. म्हणजे १९६१ ते १९७१. घरात ती १९६४ च्या आधी यायचं कारण नाही, पण ती घरात आली केव्हा आणि बनली केव्हा हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चिठ्ठीवर दोन्ही ओळी वेगळ्या लिहिल्या.

कॉलनीतल्या, किंवा सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या भिलाई-बोकारोतल्या, पवईच्या आयआयटीच्या आवारात राहिलेल्या घरांना माझं सांगणं एवढंच: बाहुलीच्या आधी अल्बम काढा.

२२ सप्टेंबर

साफसफाई आणि अतिनील टॉर्च. दोन्हींत बराच वेळ गेला.

पोल्खोव्स्की मैदानच्या बाहुलीवर धुळीचा थर चिकटला होता. ओला कापूस थेट अंगावर न लावता आधी तळाच्या काठावर टेकवून पाहिला. कापूस लगेच गुलाबी. ॲनिलिन रंग पाण्यात विरघळतो, आणि व्हार्निशला जिथे तडे गेलेत तिथून पाणी सरळ रंगापर्यंत पोचतं. तेव्हापासून फक्त मऊ कोरडा ब्रश. थुंकी, स्पिरिट, थिनर, खोबरेल तेल, काहीही नाही. चेहऱ्यावरच्या रेघा एकदा गेल्या की गेल्या.

अतिनील टॉर्च ५५० रुपयांचा. त्याच्या उजेडात जुनं व्हार्निश कसं चमकतं यावरून वय कळेल असा अंदाज होता. कळत नाही. १९८५ नंतरची आणि १९७१ च्या आधीची, दोघी जवळपास सारख्याच दिसल्या. एका कामाला मात्र तो उपयोगी पडला. एक संच नारिंगी चमकला. लाखेचं पॉलिश असं चमकतं. घरी विचारलं तर कळलं, ऐंशीच्या दशकात फर्निचरला फ्रेंच पॉलिश करायला आलेल्या सुताराने बाहुलीवरही हात फिरवला होता. ‘जुन्यामुळे पिवळी पडली’ असं सगळे म्हणत होते, तो पिवळेपणा त्या लाखेचा. पॉलिश काढायचा विचार सोडून दिला, लाखेबरोबर रंग येईल. चिठ्ठीवर नोंद केली.

६ ऑक्टोबर

एका ओळखीच्यांनी नाशिकहून संच पाठवला, सोबत निरोप: झारच्या काळातली आहे, लेबल सेर्गियेव पोसादचं आहे, झागोर्स्कचं नाही.

मुळात मात्र्योश्का फार जुनी नाही. पहिली १८९० च्या दशकात मॉस्कोतल्या ‘बालशिक्षण’ नावाच्या कार्यशाळेत बनली. ही कार्यशाळा अनातोली मामोंतोव यांची. बाहुली कातली वासिली झ्व्योझदोच्किन यांनी, रंगवली सेर्गेई माल्युतिन यांनी. आठ बाहुल्या, बाहेरची मुलगी काळा कोंबडा घेतलेली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या बाहुल्या गाजल्या, मग काम सेर्गियेव पोसादला गेलं. तो पहिला संच तिथल्याच खेळण्यांच्या संग्रहालयात आहे. म्हणजे झारच्या काळातली मात्र्योश्का असू शकते, पण तो काळ जेमतेम वीस-पंचवीस वर्षांचा.

आता लेबल. १९१८ च्या लेखनसुधारणेआधी ‘पोसाद’ सारख्या व्यंजनान्त शब्दाच्या शेवटी एक न उच्चारायचं अक्षर लिहायचे. दिसायला इंग्रजी लहान ‘बी’सारखं, वर डावीकडे शेंडी असलेलं. या लेबलवर ते नाही. सुधारणा १९१८ ची आणि गावाचं ते नाव गेलं १९१९ मध्ये. मधल्या यादवीच्या वर्षात कुणी हे लेबल छापलं असेल हे धरवत नाही. म्हणजे १९९१ नंतरची. बाकी सगळं त्याला जुळतं. सोनेरी धातूरंग, जाड काचेसारखं व्हार्निश, आणि तळाला चित्रकाराची सही. सह्या ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कारागीर स्वतंत्रपणे विकू लागल्यावर वाढल्या. किंमत छापलेली नाही, १९९२ मध्ये किमती मोकळ्या झाल्यावर छापून उपयोगही नव्हता.

त्यांना हे सांगणं जड गेलं. बाहुली सुंदर आहे, चेहऱ्यावरचं काम इतर सगळ्यांपेक्षा बारीक आहे, आणि हेही मी त्यांना लिहिलं.

रशियन पुढाऱ्यांचे चेहरे रंगवलेल्या एका संचाला पाच मिनिटं लागली. सर्वांत बाहेर येल्त्सिन, आत गोर्बाचेव, ब्रेझनेव, पुढे लेनिनपर्यंत. बाहेर जो, त्याचा काळ. १९९१ ते १९९९.

१७ नोव्हेंबर

जो संच ऑगस्टमध्ये उघडला नव्हता तो थंडीत आपोआप सुटला. आत गोंधळ. बाहेरच्या तीन सेम्योनोवच्या, त्यांच्या आतल्या दोघी नक्षीने जवळच्या पण कुठेतरी वेगळ्या. तिसरी आणि चौथी यांच्या उंचीत मोठी फट. चौथी हलवली तर आत खडखडते.

कोकणात जायचं होतं म्हणून संच सावंतवाडीला नेला. चितार आळीत खेळणी करणाऱ्यांपैकी एका कातारी काकांनी व्हार्निशकडे पाहिलंच नाही. बोट आत घालून भिंतीची जाडी चाचपली, मग सांध्याची खाच उजेडाकडे धरली. पहिल्या तिघींच्या खाचेचा कोपरा धारदार, एकाच सवयीच्या हाताचा, आतल्या दोघींचा गोलसर. “हे दोन माणसांचं काम,” ते म्हणाले. मला रंगांवरून हे ठरवायला महिने लागले असते. मात्र्योश्का कातताना सगळ्यात लहान, भरीव बाहुली आधी करतात आणि तिच्या मापाने पुढच्या, हे त्यांना मी सांगितलं. ते म्हणाले, दुसरं कसं करणार.

त्या घरी विचारलं. एकेकाळी असे दोन संच होते, मुलांनी खेळताना हरवले, उरलेले आजींनी एकात भरले. तिघींचा शिक्का गोर्की प्रांताचा, किंमत नव्या रूबलमधली, तेव्हा १९६१ ते १९९०. आतल्या दोघींना शिक्का नाही, त्या रकान्यात रेघ मारली. विक्रीला काढला तर हा संच अपुरा ठरेल. घरच्यांना तो विकायचा नाही.

८ डिसेंबर

चिठ्ठ्या लिहून झाल्या. ॲसिड नसलेला कागद (१८० रुपये), मऊ शिसपेन. चिठ्ठी चिकटवायची नाही, दुसऱ्या क्रमांकाच्या बाहुलीच्या पोटात गुंडाळून ठेवायची. तळांचे फोटो कागदावर छापून घेतले, कारण जांभळी शाई दरवर्षी फिकट होते आहे. शोकेस खिडकीसमोरून हलवायला सगळ्यांना सांगितलं, उन्हाने ॲनिलिन रंग उडतात. आईने ती त्याच संध्याकाळी हलवून घेतली.

पोल्खोव्स्की मैदानच्या बाहुलीला शिक्का नाही, किंमत नाही, फोटो नाही. घरच्यांना एवढंच आठवतं की ती मिग-२७ चं काम चालू असताना आली. चिठ्ठीवर गाव लिहिलं, आठवण ‘आठवण’ म्हणून लिहिली, आणि सालांच्या दोन्ही जागा मोकळ्या सोडल्या. त्या घरचे जुने शेजारी आता पुण्यात आहेत. त्यांच्याकडे कॉलनीतल्या हळदीकुंकवाचे फोटो आहेत असं कळलं आहे. जानेवारीत जाऊन पाहणार.